वारा, उजेड आणि पाणी : आशियातील जुन्या नगरांची शिकवण आणि आपला उपाश्रय

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चांदीप येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या पन्नासाव्या वर्षी आपणांसमोर चार शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. सुवर्णमहोत्सव हा गौरवाचा प्रसंग असतो, तसाच तो पुढील पन्नास वर्षांचा विचार करण्याचाही प्रसंग असतो. आपल्यापुढे आज एक महत्त्वाचा प्रश्न उभा आहे. आपला कौलारू उपाश्रय आणि त्याला लागून असलेली धर्मशाळा पाडून त्या जागी चार मजली काँक्रीटची इमारत बांधावी, की आहे त्या वास्तूचा जीर्णोद्धार करून मागील मोकळ्या जागेत आवश्यक तेवढीच भर घालावी, याचा निर्णय येत्या सर्वसाधारण सभेत व्हावयाचा आहे. दोन्ही बाजूंना संघाचे हित चिंतणारी माणसे आहेत. म्हणून या विषयाकडे जरा दूरवरून, आशियातील जुन्या नगरांच्या अनुभवातून पाहावे, असे मला वाटले.

मी वास्तुविशारद नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापडाचा व्यापारी आहे. त्यामुळे माझी दृष्टी हिशेबाची राहील, हे आरंभीच सांगून ठेवतो.

प्रथम आपल्या अंगणापासून सुरुवात करू. आपल्यापासून काही कोसांवर असलेले सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक, हे दोन हजार वर्षांपूर्वीचे मोठे बंदर होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा तेथे सापडला आणि १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. आपल्या परंपरेतही सोपाऱ्याला मानाचे स्थान आहे. भीषण दुष्काळात आचार्य वज्रसेनसूरी सोपाऱ्यास आले, जिनदत्त श्रावकाच्या घरी त्यांनी दुष्काळ सरणार असल्याचे सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी धान्याने भरलेली गलबते बंदराला लागली, ही कथा आपण पर्युषणात ऐकत आलो आहोत. त्याच श्रावकाच्या नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर या चार पुत्रांनी दीक्षा घेतली आणि त्यांच्या नावांनी चार कुले प्रसिद्ध झाली, असे परंपरा सांगते.

या सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दान कशाचे दिले, हे पाहण्यासारखे आहे. नाणेघाटात एक लहानसा लेख आहे. सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या गृहस्थाने तेथे पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याची त्यात नोंद आहे. कान्हेरीच्या लेण्यांतही सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांच्या दानाचे उल्लेख आढळतात. कान्हेरीला जाल तेव्हा लेण्यांसोबत तेथील पन्हळी आणि टाकीही अवश्य पाहा. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी खडकात कोरलेल्या चरांतून प्रत्येक लेण्याच्या दाराशी असलेल्या टाक्यात आणून सोडले आहे. आपल्या प्रांतातील व्यापाऱ्याला दोन हजार वर्षांपूर्वी कळत होते, की वास्तूचे पहिले दान पाणी आहे.

हेच सूत्र पुढे अहमदाबादच्या पोळींमध्ये दिसते. १४११ साली वसलेल्या या नगराला २०१७ साली जागतिक वारसा नगराचा मान मिळाला आणि तो मिळविणारे ते भारतातील पहिले शहर ठरले. तेथील जुन्या पोळींमध्ये आपल्या समाजाची शेकडो घरे, देरासरे आणि उपाश्रय आहेत. घराच्या मध्यभागी उघडा चौक आणि अनेक घरांत त्या चौकाखाली चुन्याने गिलावा केलेले बंद टाके असते. गच्चीवरचे पावसाचे पाणी नळाने त्या टाक्यात उतरते. टाके अंधारे आणि थंड असल्यामुळे पाणी दीर्घकाळ चांगले राहते. चौकातून तापलेली हवा वर निघून जाते आणि गल्लीतील सावलीची थंड हवा आत येते. पोळीच्या नाक्यावर पक्ष्यांना दाणे घालण्यासाठी चबुतरा असतो. माणूस, पाणी आणि पक्षी या तिघांची सोय एकाच आराखड्यात केलेली आहे. जीवदया ही घराच्या रचनेतच उतरविता येते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

जैसलमेरची पटवांची हवेली आपणांपैकी अनेकांनी यात्रेच्या निमित्ताने पाहिली असेल. जरी-किनखापाचा व्यापार करणाऱ्या जैन कुटुंबाने एकोणिसाव्या शतकात पाच हवेल्यांचा हा समूह उभारला. तेथील पिवळ्या दगडाच्या जाळ्या आपण शोभेच्या समजतो. प्रत्यक्षात जाळी उन्हाचे तुकडे करते आणि वाऱ्याला वाट देते. पुढे आलेले झरोके खालच्या भिंतीवर सावली धरतात. गल्ल्या मुद्दाम अरुंद ठेवल्या आहेत, त्यामुळे भर दुपारीही पायाखाली ऊन फारसे येत नाही. मात्र याच जैसलमेरने एक कटू धडाही दिला आहे. ११५६ साली बांधलेला किल्ला मऊ मातीच्या आणि दगडांच्या टेकडीवर उभा आहे. शतकानुशतके तेथील माणसे पाणी जपून वापरीत. विसाव्या शतकात किल्ल्यावर नळ आले, पाण्याचा वापर वाढला, सांडपाण्याची सोय मात्र पुरी पडली नाही. ते पाणी टेकडीत मुरू लागले आणि तट व बुरुजांचे भाग ढासळले. म्हणजे वास्तू जुनी झाली म्हणून पडली असे नव्हे. तिच्या स्वभावाचा विचार न करता तिच्यावर नवी सवय लादली, म्हणून ती खचली. आपल्या उपाश्रयाची पश्चिमेची भिंत ओली राहते, त्याचे कारणही कौलांत आहे की मागील न्हाणीघराच्या पाण्यात आहे, हे आधी तपासले पाहिजे.

आता भारताबाहेर जाऊ. इराणमधील याझ्द हे वाळवंटी शहर आहे. २०१७ सालीच त्याचाही जागतिक वारशात समावेश झाला. आपल्या पालघर जिल्ह्यात डहाणू-घोलवड भागात चिकूच्या वाड्या फुलविणाऱ्या इराणी बांधवांपैकी अनेकांचे पूर्वज त्याच याझ्द भागातून आले. तेथील घरांवर बादगीर नावाचे उंच मनोरे असतात. वर वाहणारा वारा त्या मनोऱ्यातील उभ्या कप्प्यांतून खाली खोलीत उतरतो आणि खोलीतील गरम हवा दुसऱ्या बाजूच्या कप्प्यातून बाहेर फेकली जाते. अनेक ठिकाणी हा वारा पाण्याच्या हौदावरून नेऊन आणखी थंड केला जातो. पाणी कनात नावाच्या भूमिगत बोगद्यांतून डोंगराच्या पायथ्यापासून केवळ उतारावर वाहत येते. यात पंप नाही, वीज नाही.

जपानमधील क्योतो नगरातील व्यापाऱ्यांची आणि विणकरांची जुनी घरे माझ्या व्यवसायाला जवळची आहेत. त्यांना माचिया म्हणतात. पुढे दुकान, मागे राहते घर, मध्ये हातभर बाग. निशिजिन भागात याच घरांत रेशमी वस्त्रे विणणारे माग चालत आले. मधली चिमुकली बाग हौसेखातर नसते. तिच्यामुळे लांबलचक घराच्या मधल्या खोलीला उजेड आणि हवा मिळते. अशी अनेक घरे पाडली गेल्यावर नगराला जाग आली आणि २००७ साली क्योतोने शहराच्या मध्यभागातील इमारतींची कमाल उंची ४५ मीटरवरून ३१ मीटरवर आणली. त्याच देशातील ईसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी जुन्याच पद्धतीने नव्याने बांधले जाते. २०१३ साली असे बासष्टावे बांधकाम झाले. उतरविलेले लाकूड इतर देवळांच्या कामी येते. लाकूड टिकणार नाही हे मान्य करून त्यांनी विद्या टिकविली. प्रत्येक पिढीतील सुतार एकदा तरी ते मंदिर स्वहस्ते बांधतो. आपल्याकडे सोमपुरा शिल्पींच्या घराण्यांनी हेच केले आहे. परंतु कौल चढविणारा, चुना मळणारा आणि लाकडी सांधा भरणारा आपल्या तालुक्यातील कारागीर आज काम नसल्याने रोजंदारीवर जातो. आपण काम दिले, तर विद्या राहील.

मलेशियातील मलाक्का आणि जॉर्जटाउन या बंदरांना २००८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथील जुन्या दुकान-घरांपुढे पादचाऱ्यांसाठी सलग छत असलेली पडवी असते, त्यामुळे पावसात आणि उन्हात माणूस कोरडा आणि सावलीत चालतो. परंतु जॉर्जटाउनचा अनुभव सावध करणारा आहे. २००० साली जुन्या भाड्यांना संरक्षण देणारा कायदा संपला, भाडी वाढली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारे अनेक कारागीर व छोटे व्यापारी बाहेर पडले. घरे रंगवून नीटनेटकी झाली, तेथे हॉटेले आणि उपाहारगृहे आली. भिंती वाचल्या, पण त्यांच्यामागील जीवन पांगले. म्हणून वास्तू जतन करणे म्हणजे ती काचेच्या कपाटात ठेवणे नव्हे. उपाश्रयात सामायिक, प्रतिक्रमण, पौषध आणि व्याख्यान चालू राहिले पाहिजे, तरच जीर्णोद्धाराला अर्थ आहे.

एवढे फिरून आपल्या गावी परतलो की ध्यानात येते, हे शहाणपण येथेही होते. चांदीपच्या परिसरातील आदिवासी बांधवांची कारवीच्या कुडाची, शेणामातीने सारवलेली घरे वैशाखातही थंड राहतात. जुन्या घरांची खोल पडवी पावसाची झड भिंतीपर्यंत पोहोचू देत नाही. वसईच्या हरित पट्ट्यात बावखल नावाची गोड्या पाण्याची तळी वाडीवाडीत होती. पावसाळ्यात ती भरत, जमिनीत गोडे पाणी मुरवीत आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला रोखून धरीत. त्यांतील अनेक बुजविली गेली. २०१८ च्या जुलैमध्ये वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला आणि दुसरीकडे उन्हाळ्यात आपण टँकरची वाट पाहतो, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. पाण्याची जागा आपण बुजविली, तेव्हा ते रस्त्यावर आले आणि विहिरीतून गेले.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. उपाश्रय ही वास्तू इतर इमारतींहून वेगळी आहे. पूज्य साधू-साध्वीजी महाराज विजेचा वापर करीत नाहीत. पंखा नाही, दिवा नाही, वातानुकूलन तर नाहीच. चातुर्मासाचे चार महिने त्यांना याच वास्तूत काढावयाचे असतात. ज्या इमारतीला श्वास घेण्यासाठी वीज लागते, ती इमारत कितीही भव्य असली तरी उपाश्रय म्हणून अपुरी आहे. शहरांतील काही नव्या उपाश्रयांत मी पाहिले आहे, की सपाट स्लॅबखाली वरच्या मजल्यावर भाद्रपदातही अंग भाजते आणि काचेच्या बंद तावदानांमुळे स्वाध्यायासाठी दुपारीही उजेड पुरत नाही. आपल्या जुन्या उपाश्रयाची उंच कौले, समोरासमोरच्या खिडक्या आणि दोन्ही बाजूंच्या पडव्या आपल्या पूर्वसूरींनी याच हेतूने ठेवल्या आहेत.

दुसरी गोष्ट जयणेची. ओलसर भिंत आणि निसरडे अंगण म्हणजे शेवाळ, आणि शेवाळ म्हणजे अनंतकाय जीव. त्यावर पाय पडू नये म्हणून महाराजसाहेबांना किती अडचण होते, हे आपण दर चातुर्मासात पाहतो. तेव्हा पाण्याचा निचरा हा बांधकामाचा आणि धर्माचाही विषय आहे. परठवण्यासाठी निर्दोष मोकळी भूमी लागते. सगळे आवार फरसबंद करून वाहनतळ केला, तर ती भूमी कोठून आणणार? वाळवीचा आक्षेप योग्य आहे. परंतु नव्या काँक्रीटच्या इमारतीच्या पायातही वाळवीनाशक विष ओततातच. लाकूड दगडी बैठकीवर, जमिनीपासून उंच आणि कोरडे ठेवले, तर विषाची वेळ सहसा येत नाही. जीव मारण्यापेक्षा जीव येऊ न देणे, हीच जयणा.

आता हिशेब मांडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. उपाश्रय आणि धर्मशाळेचे छप्पर मिळून सुमारे ३०० चौरस मीटर भरते. आपल्याकडील वर्षाचा पाऊस सावधपणे २००० मिलिमीटर धरू. म्हणजे ६ लाख लिटर पाणी आपल्या डोक्यावर दरवर्षी पडते. चतुर्थांश वाया गेले असे मानले, तरी साडेचार लाख लिटर उरते. संस्थेची रोजची गरज ५०० लिटर धरली, तर ऑक्टोबर ते मे या कोरड्या आठ महिन्यांना सव्वा लाख लिटरांहून थोडे कमी लागते. सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि चार मीटर खोल टाके बांधले, की १ लाख २० हजार लिटरांची सोय झाली. दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत हे बारा टँकर होतात. उरलेले सव्वातीन लाख लिटरांहून अधिक पाणी मागील विहिरीच्या भोवती मुरविता येईल.

खर्चाच्या बाजूने पाहू. जीर्णोद्धार नेहमीच स्वस्त पडतो असे मी म्हणणार नाही. चांगले सागवान महाग आहे, कारागीर शोधावे लागतील आणि कौले दरवर्षी पावसाळ्यापूर्वी उलटावी लागतील. परंतु ताळेबंदात फक्त बांधणीचा खर्च लिहून चालत नाही. चार मजल्यांना लिफ्ट आली, पंप आला, वीजबिल आले, सुरक्षारक्षक आला. हा खर्च दरवर्षी देणगीदारांच्या दारात उभा राहील. लोखंड आणि काँक्रीटलाही घसारा आहे. कोकणच्या दमट हवेत सळई गंजून स्लॅबचे पापुद्रे सुटलेल्या, चाळिशीही न गाठलेल्या इमारती आपण विरार-नालासोपाऱ्यात पाहतोच. शिवाय जगातील एकूण कार्बन वायूच्या उत्सर्जनापैकी सुमारे सात-आठ टक्के केवळ सिमेंटनिर्मितीतून होते. उभी असलेली भिंत पाडून पुन्हा भिंत बांधणे, हा निसर्गाच्या खात्यावर दुहेरी खर्च आहे. गरजेपुरतेच घ्यावे, हा अपरिग्रह घरगुती खरेदीला लागू आहे, तसाच संस्थेच्या बांधकामालाही लागू आहे.

काही बंधू विचारतात, जुनी वास्तू भूकंपात टिकेल काय? प्रश्न रास्त आहे. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात अनेक नव्या काँक्रीटच्या इमारती कोसळल्या, तर नीट बांधलेले मातीचे गोल भुंगे अनेक ठिकाणी तग धरून राहिले. परंतु त्याच भूकंपात भद्रेश्वरच्या आपल्या प्राचीन तीर्थाची मोठी हानी झाली आणि तेथे मंदिर नव्याने उभारावे लागले. योगायोगाने ते तीर्थही ‘वसई तीर्थ’ म्हणूनच ओळखले जाते. तात्पर्य एवढेच, की जुने म्हणून बळकट नाही आणि नवे म्हणूनही बळकट नाही. त्या त्या वास्तूची जाणकाराकडून तपासणी करूनच बोलावे.

वृद्ध श्राविकांना उंच उंबरे आणि खोल पायऱ्या त्रासाच्या होतात, स्वच्छतागृहे अपुरी आहेत, आयंबिलाच्या ओळीत जागा कमी पडते, या तक्रारी खऱ्या आहेत. त्यांना उत्तर दिलेच पाहिजे. त्यासाठी माझ्या चार नम्र सूचना आहेत.

पहिली, निर्णयापूर्वी जुन्या वास्तूंच्या कामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून पाया, वासे आणि भिंती यांची लेखी तपासणी करून घ्यावी. तो अहवाल प्रतिकूल आला, तर पाडण्याच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मीही असेन. दुसरी, या पावसाळ्यापूर्वी न्हाणीघराचे पाणी वळवावे आणि भिंतींवरील सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करावा. सिमेंट ओल आत कोंडते, चुना ती बाहेर सोडतो. तिसरी, मागील जागेत एकमजली भोजनशाळा, स्वच्छतागृहे आणि वृद्धांसाठी उतरता मार्ग बांधावा. त्याचे छप्पर उंच, खिडक्या समोरासमोर आणि पडवी खोल असावी. चौथी, भोजनशाळेच्या जोत्याखालीच पावसाच्या पाण्याचे टाके करावे आणि पाणी गाळण्याची सोय त्याच्या तोंडाशी ठेवावी.

नवे जिनालय बांधण्यापेक्षा जीर्णोद्धारात आठपट पुण्य आहे, असे आपले आचार्य सांगत आले आहेत. राणकपूर आणि आबूची मंदिरे आज उभी आहेत, ती बांधणाऱ्यांच्या उदारतेने आणि तितकीच नंतरच्या काळात जीर्णोद्धार करणाऱ्यांच्या चिकाटीने. आपला उपाश्रय त्या तोलाचे शिल्प नाही. तो एका लहान संघाने एकेक रुपया जमवून बांधलेला साधा निवारा आहे. परंतु भरजरी शालू एका जागी विरला, तर कोणी तो फेकून देत नाही, रफूगाराला बोलावतो. ज्या कोऱ्या सुती पंचाने रोज अंग पुसले, त्यालाही घरची माउली दोन टाके घालूनच पुन्हा वापरते.

येत्या सर्वसाधारण सभेत मत देताना प्रत्येकाने एक प्रश्न मनाशी ठेवावा. वीज गेलेल्या दुपारी, श्रावणातल्या कोंदट हवेत, आपल्या येथे चातुर्मासासाठी पधारलेल्या एखाद्या वृद्ध साध्वीजी महाराजांना कोणत्या वास्तूत शाता वाटेल? त्याचे जे उत्तर येईल, त्या बाजूला आपले मत द्यावे. संस्थेचे शतक साजरे करणाऱ्या पिढीला आपण एक थंड, कोरडी, उजेडाची वास्तू आणि भरलेले टाके देऊन जावे, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.